लहानग्यांचे मासिक कसे निवडावे आणि घरी कसे वाचावे

ज्या मुलाला अजून वाचता येत नाही त्याच्या नावाने मासिक सुरू करायचे म्हणजे घरातल्या एका मोठ्या माणसाने महिनाभर अधूनमधून त्याच्या शेजारी बसण्याचे कबूल करायचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी निघणारा अंक हा मूल आणि त्याला वाचून दाखवणारे आईवडील, आजीआजोबा किंवा बालवाडीच्या ताई यांनी मिळून वापरायचा असतो. अंक निवडताना, वाचताना आणि त्यातले उपक्रम करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुखपृष्ठावर ‘शैक्षणिक’ असे छापले आहे का आणि किती अक्षरे व किती आकडे शिकवण्याचे आश्वासन दिले आहे, हे पाहून अंक घेणारे पालक पुष्कळ असतात. माझ्या मते त्याऐवजी एवढेच पाहावे, की अंकाचे कोणतेही पान उघडले तरी मूल आणि मोठे माणूस यांच्यात बोलणे सुरू होते का. पुढचे सारे विवेचन या कसोटीला धरून केले आहे.

या वयासाठी काय मिळते

मराठीत बालमासिकांची परंपरा जुनी आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली ‘आनंद’ सुरू केले, १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठी घरांत येऊ लागला आणि बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’ आजही निघते. मात्र ही मासिके स्वतः वाचू शकणाऱ्या मुलांसाठी होती व आहेत. आईवडिलांना आपल्या लहानपणीच्या मासिकाची ओढ असते, म्हणून ते चार वर्षांच्या मुलासाठी त्याची वर्गणी भरतात आणि दोन-तीन अंकांनंतर ‘आमच्या मुलाला वाचनाची आवड नाही’ असा निष्कर्ष काढतात. मुलाच्या आवडीचा तिथे प्रश्नच नसतो, कारण तो अंक त्याच्या वयाचा नसतो.

अगदी लहानांसाठी मराठीत नियमित निघणारी मासिके मोजकी आहेत. पुण्याहून निघणारे ‘चिकूपिकू’ हे त्यांतले ठळक नाव आहे. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकतारा या संस्थेचे ‘प्लूटो’ पाहावे. त्यातली चित्रे आणि छोट्या कविता या वयाला जवळच्या वाटतात. केरळात मात्र शाळापूर्व वयाचा वेगळा विचार फार आधी झाला आणि ‘कळिक्कुडुक्का’, ‘मिन्नामिन्नी’ अशी नियतकालिके मल्याळममध्ये घरोघरी पोहोचली. मराठीतही या वयाला इतका मोठा वाचकवर्ग मिळावा असे मनापासून वाटते, आणि तो मिळण्याचा मार्ग चांगल्या अंकांची वर्गणी भरण्यातूनच जातो.

परदेशातल्या काही मासिकांची रचना पाहिली तर अंकात काय शोधावे हे कळते. जपानमध्ये फुकुइनकान शोतेन या प्रकाशनाने १९५६ साली सुरू केलेल्या ‘कोदोमो नो तोमो’ या मासिकाच्या प्रत्येक अंकात एकच संपूर्ण चित्रकथा असते आणि ते मुख्यतः बालवाड्यांमार्फत मुलांच्या घरी जाते. फ्रान्समध्ये १९६६ पासून निघणारे ‘पोम दापी’ तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी असून त्याबरोबर पालकांसाठी पुरवणीही असते. अमेरिकेतल्या ‘हायलाइट्स’ या बालमासिकाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘हाय फाइव्ह’ हे वेगळे मासिक २००७ साली काढले. एक गोष्ट पूर्ण सांगणे, पालकांना सोबत घेणे आणि मोठ्या मुलांच्या मासिकाचे चार पानांचे लहान रूप न देता या वयाचा अंक स्वतंत्रपणे रचणे, या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या अंकात आहेत का, ते पाहावे.

अंक हातात घेतल्यावर

वर्गणी भरण्यापूर्वी सुटा अंक घ्यावा आणि शक्य असल्यास एकापाठोपाठचे दोन अंक पाहावेत, कारण पहिला अंक देखणा आणि पुढचे घाईत काढलेले, असे पुष्कळदा आढळते. मग एखादी गोष्ट मुलासमोर नेण्याआधी स्वतः मोठ्याने वाचावी. ती पाच-सात मिनिटांत संपत असेल, वाचताना जीभ अडखळत नसेल आणि वाक्ये आपण घरी बोलतो त्या वळणाची असतील, तर अंकाचे काम निम्मे झाले. बडबडगीताची परीक्षा तर टाळ्या वाजवूनच घ्यावी. ठेका धरता येत नसेल, एखाद्या ओळीत अक्षरे कोंबलेली असतील किंवा यमकासाठी शब्दांची ओढाताण झाली असेल, तर ते गीत मुलाच्या तोंडी बसणार नाही. इंग्रजी गाण्यांची नुसती भाषा बदललेली गीते येथे हमखास सापडतात. आपल्या ओव्यांना, अंगाईगीतांना आणि बडबडगीतांना ठेक्याची स्वतःची चाल आहे आणि तीन वर्षांच्या कानाला ती नेमकी ओळखता येते.

चित्रांकडे याहून जास्त वेळ पाहावे. मजकुरात लिहिले आहे तेवढेच चित्रात असेल, तर बोलण्यासारखे काही उरत नाही. मजकुरात ‘मीरा आजीबरोबर बाजारात गेली’ एवढेच आहे, पण चित्रात मेथीच्या जुड्या, तागडी, टोपलीखालून डोकावणारे मांजर आणि पिशवीतून घरंगळलेला टोमॅटो आहे, असे पान मुलाला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. तो टोमॅटो आपल्याआधी मुलालाच दिसतो आणि तेथूनच बोलणे सुरू होते. प्रत्येक चेहऱ्यावर सारखेच हसू असलेली, संगणकावर एकच साचा वापरून काढलेली चित्रे मी बाजूला ठेवते. रागावलेले, कंटाळलेले, घाबरलेले, लाजलेले चेहरे चित्रात दिसले, तर या भावनांची नावे मुलाला सहज कळतात. चित्रातली घरे, माणसे आणि कामेही पाहावीत. फ्लॅट, चाळ, वाडा, शेतावरचे घर यांपैकी काही ना काही ओळखीचे असावे, स्वयंपाक करणारे बाबा आणि रिक्षा चालवणारी ताई असावी, आणि सगळी मुले गोरीच नसावीत.

अंकातल्या सरावाच्या पानांचा अंदाज घ्यावा. ठिपके जोडून अक्षर गिरवा, रिकाम्या जागा भरा, मोजून आकडा लिहा अशा पानांनी अर्ध्याहून अधिक अंक व्यापला असेल, तर ती मासिकाच्या रूपातली सरावपुस्तिका झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या आदिवासी मुलांबरोबर काम करताना भोवतालच्या पाने, बिया, खडे, शंख अशा वस्तूंतून शिकण्याची वाट कितीतरी आधी घालून दिली होती. साडेतीन वर्षांच्या बोटांना पेन्सिलीची घट्ट पकड लावण्याची घाई करणाऱ्या अंकापेक्षा मातीत, पिठात, पाण्यात हात घालायला सांगणारा अंक घ्यावा.

अक्षरांची पाने तपासताना

हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मराठी मासिकांतली सर्वाधिक निष्काळजी पाने हीच असतात.

मराठीत च, ज आणि झ ही अक्षरे दोन-दोन तऱ्हांनी उच्चारली जातात. ‘चमचा’मधला च आणि ‘चंद्र’मधला च, तसेच ‘जहाज’मधला ज आणि ‘जिराफ’मधला ज आपण वेगवेगळे उच्चारतो. एकाच पानावर चमचा, चंद्र, चाक आणि चिमणी अशी चित्रे मांडून ‘यांतला पहिला आवाज एकच आहे’ असे सुचवले, तर नीट ऐकणारे मूलच गोंधळते. ज्या संपादकांनी हे ओळखून दोन उच्चारांची चित्रे वेगळी ठेवली आहेत, त्यांनी काम मनावर घेतले आहे असे खुशाल समजावे. ण आणि ळ ही अक्षरे मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी बाण, कमळ, बाळ असे शब्दाच्या मधले वा शेवटचे आवाज ऐकवणारे पान हवे. ऐरण आणि औत यांची चित्रे परंपरेने चालत आली आहेत, पण शहरातल्या मुलाने या वस्तू पाहिलेल्याच नसतात. अशा वेळी मोठ्या माणसाने वस्तूची ओळख आधी करून द्यावी किंवा ते पान सोडून द्यावे.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या आकाराची. संगणकावरचे अनेक टंक (फॉन्ट) हिंदी छपाई डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि त्यांत ल व श यांची रूपे मराठी वळणापेक्षा वेगळी येतात. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयानुसार मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायचा आहे. अंकाच्या शीर्षकात एक ल, गोष्टीत दुसरा आणि गिरवण्याच्या पानावर तिसराच असेल, तर अक्षर पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला ती वेगवेगळी अक्षरे वाटतात. नक्षीदार, वाकडीतिकडी, फुगीर अक्षरे मुखपृष्ठापुरती ठीक आहेत. मजकुराचे अक्षर ठसठशीत, ओळींत मोकळी जागा सोडलेले आणि काना-मात्रा स्पष्ट दिसणारे असावे. चित्रावर अक्षरे छापल्यामुळे वेलांटी झाडाच्या फांदीत हरवली असेल, तर ते पान मुलाला शब्दरूप दाखवण्यासाठी उपयोगाचे नाही.

वाचून दाखवण्याची पद्धत

अंक घरी आला की पहिल्या दिवशी तो वाचून संपवू नये. मुलाला तो हवा तसा, मागून पुढे किंवा उलटा धरूनसुद्धा चाळू द्यावा, आणि ते ज्या पानावर थांबेल त्या पानापासून आपण सुरुवात करावी. मग एका बैठकीत एकच गोष्ट किंवा एकच चित्र घ्यावे. दहा मिनिटे पुरेशी असतात; मूल उठून गेले तर हाक मारून परत बसवू नये.

मुलाशी बोलत वाचण्याच्या पद्धतीचा अभ्यास अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढेच शिकवले की नुसते वाचून न दाखवता उघडे प्रश्न विचारावेत, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हणावे आणि हळूहळू सांगण्याचे काम मुलाकडे सोपवावे. महिनाभरातच त्या मुलांची बोलण्याची भाषा, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवल्या जाणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचे दिसले. ही पद्धत आपल्या घरांत आणायला कोणतेही साहित्य लागत नाही.

समजा, पानावर एसटी स्थानकाचे चित्र आहे. ‘ही काय आहे?’, ‘रंग कोणता?’, ‘किती माणसे आहेत, मोज बरं’ हे प्रश्न एका शब्दात संपतात आणि थोड्याच वेळात त्यांची परीक्षा होते. ‘हे आजोबा कुठे निघाले असतील?’, ‘त्यांच्या पिशवीत काय असेल गं?’, ‘गाडी चुकली तर ते काय करतील?’, ‘आपण मामाच्या गावाला गेलो होतो तेव्हा काय झालं होतं?’ हे प्रश्न विचारल्यावर मात्र मूल स्वतःचे काहीतरी सांगू लागते. मूल म्हणाले, ‘आजोबा पळाले’, तर ‘हो, गाडी सुटेल म्हणून आजोबा घाईघाईने पळाले’ असे आपण म्हणावे. त्याचे वाक्य चुकीचे ठरवण्याची गरज पडत नाही. पूर्ण, नीट वाक्य त्याच्या कानावर पडले की पुढच्या वेळी ते आपोआप वापरले जाते. प्रश्न विचारल्यावर थांबावे, आणि आपल्याला अवघड वाटेल इतका वेळ थांबावे. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि बहुतेक मोठी माणसे त्याआधीच उत्तर देऊन मोकळी होतात.

तीच गोष्ट मूल पुन्हा मागेल. कितीही वेळा मागितली तरी वाचावी. पहिल्या खेपेला त्याला काय घडले ते कळते, पुढच्या खेपांना का घडले ते कळते, आणि नंतर ते वाक्याचा शेवटचा शब्द स्वतः म्हणू लागते. अशा वेळी आपण शेवटच्या शब्दाआधी थांबावे. गोष्ट पाठ झाली की ‘आता तू मला वाचून दाखव’ असे सांगावे. ते चित्रे पाहून, पान उलटत जे सांगेल, त्याला वाचनच म्हणावे.

घरची बोली मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी किंवा कोकणी असेल, तर चित्रांविषयीचे बोलणे त्याच बोलीत करावे आणि छापील मजकूर जसा आहे तसा वाचावा. दोन्ही रूपे मूल सहज सांभाळते. ज्या आजीला वाचता येत नाही तिच्या हाती तर अंक आवर्जून द्यावा; चित्रावरून गोष्ट रचून सांगणे तिला आपल्यापेक्षा चांगले जमते.

कापणे, चिकटवणे आणि भेटवस्तू

उपक्रमाचे पान कापण्यापूर्वी त्याच्या मागे काय छापले आहे ते पाहावे. मागे गोष्ट असेल तर आधी त्या पानाची छायाप्रत काढावी, नाहीतर मुखवटा तयार होतो आणि गोष्टीचा शेवट हरवतो. तीन वर्षांच्या मुलाने कागद हाताने फाडून चिकटवावा, चौथ्या वर्षी बोथट टोकाच्या कात्रीने सरळ पट्ट्या कापाव्यात, आणि वळणाची रेषा पाचव्या वर्षानंतर ठेवावी. वाट शोधण्याच्या कोड्यांत आधी बोट फिरवू द्यावे आणि पेन्सिल नंतर द्यावी. बाह्यरेषेत रंग भरण्याच्या पानांपेक्षा कोरा कागद मुलाला जास्त देतो. अंकात एखादे पान मुद्दाम रिकामे सोडलेले असेल तर ती संपादकांची आळशी सोय समजू नये.

अंकाबरोबर येणाऱ्या छोट्या खेळण्यांकडे नीट लक्ष द्यावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे, म्हणून ते शोधावे. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर सुटणारे लहान भाग, लोहचुंबक आणि विशेषतः बटणासारखे चपटे सेल असलेली वस्तू घरात ठेवूच नये. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला थोड्या तासांत गंभीर इजा होते, त्यामुळे शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावे. अंकाच्या पिना वर आलेल्या नाहीत ना, हेही बोट फिरवून पाहावे.

काही अंकांत चौकोनी संकेतचिन्ह (क्यूआर कोड) दिलेले असते व ते फोनने टिपले की गोष्ट ऐकू येते. ही सोय चांगली आहे, पण फोन पालथा ठेवून ऐकावे आणि अंक समोर उघडा असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये, आणि कमी असेल तितके बरे. बसल्या वेळी वाचून दाखवावे व गोष्टी सांगाव्यात, असे त्याच सूचनांत म्हटले आहे.

मराठीपासून दूर राहणाऱ्यांसाठी

बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीतल्या घरात छापील मराठी अंक वेळेवर पोहोचतीलच असे नाही. अशा वेळी तेथे मिळणारे कोणत्याही भाषेतले चांगले चित्रमासिक घ्यावे आणि त्यातल्या चित्रांवर मराठीत बोलावे. छापील मजकुराचा शब्दशः अनुवाद करत बसू नये, त्याने वाक्ये कृत्रिम होतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर लहान मुलांच्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या पातळीनुसार लावलेल्या असल्यामुळे पहिल्या पातळीच्या, थोड्या शब्दांच्या गोष्टी निवडता येतात. त्यांतली एखादी छापून, मध्ये दोरा घालून शिवली तर मुलाच्या हाती उलटायला पाने येतात, आणि या वयात पान उलटणे हासुद्धा वाचनाचा भाग आहे.

वर्गणी, जागा आणि पुढचा टप्पा

वर्गणी मुलाच्या नावावर घ्यावी. पाकिटावरचे स्वतःचे नाव हा पुष्कळ मुलांनी ओळखलेला पहिला शब्द ठरतो. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून वेगवेगळी मासिके घेतली व आपसांत फिरवली तर खर्च कमी होतो. अंक उंच कपाटात न ठेवता मुलाच्या हाताला येईल अशा जागी, मुखपृष्ठ समोर दिसेल असे ठेवावेत आणि एका वेळी चार-पाचच बाहेर ठेवावेत. जुने अंक काही महिन्यांनी पुन्हा बाहेर काढले की मूल त्यांत नवे काही शोधते, कारण मधल्या काळात ते मोठे झालेले असते. ज्यांची पाने कापलेली नाहीत असे अंक जवळच्या अंगणवाडीत द्यावेत, मात्र देण्यापूर्वी तेथील ताईंना विचारून घ्यावे की त्यांना कोणत्या गोष्टी मुलांना सांगायला उपयोगी पडतील.

मूल दुकानांच्या पाट्या वाचू लागले, गोष्टीतला आपण गाळलेला शब्द ते बोट ठेवून दाखवू लागले आणि लहानांचा अंक ते एकट्याने एका बैठकीत संपवू लागले, की वर्गणी वाढवण्याआधी विचार करावा. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. त्यांतल्या लहान कविता, कोडी आणि चित्रमय पाने निवडून सहा-सात वर्षांच्या मुलासमोर ठेवावीत आणि ते कोणत्या पानाशी रेंगाळते ते पाहून पुढच्या वर्षाचे मासिक ठरवावे. तोवर धाकटे भावंड तीन वर्षांचे झाले असेल, तर लहानांची वर्गणी त्याच्या नावावर करून द्यावी, आणि पहिले काही अंक त्याला मोठ्या भावंडाने वाचून दाखवावेत.